वर्षाच्या फीत आई येत नाही

चेंडू माझ्या आईच्या खांद्याला लागला आणि तिच्या पदरात पडला.

गोल्फच्या मैदानावर सातव्या होलच्या कडेला बाया गवत काढत होत्या. ओळीनं. उकिडव्या. हातात खुरपी. आई ओळीत शेवटची. मी मागं साहेबांची बॅग खांद्यावर घेऊन उभी. साहेबांनी मारलेला चेंडू उजवीकडं वळला, ते मला दिसलं. अशा वेळी खेळणाऱ्यानं 'फोर' असं ओरडायचं असतं, म्हणजे पुढची माणसं सावध होतात. साहेब ओरडले. पण चेंडू लागून झाल्यावर ओरडले. आणि आधी ओरडले असते तरी काय? 'फोर' म्हणजे काय, हे त्या बायांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आई ओरडली नाही. पुढं वाकली. डावा हात मातीत टेकवला आणि तशीच राहिली.

मी धावले. मागून साहेबांचा आवाज आला.

"ए, बघून! बॉलवर पाय देशील."

मी थांबले. बॅग खांद्यावर होती. आईपासून मी चार हातांवर होते आणि थांबले.

साहेब आले. पुण्याचे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मोठे अधिकारी. त्यांच्या बरोबर रणजितदादा, आमच्याच गावचे. त्यांच्या घरात सरपंचकी, सोसायटी, कारखान्याचं संचालकपद, सगळं नांदतं. दादा बॅटरीच्या गाडीतून उतरले. त्यांनी आईकडं बघितलं. आईला ते चांगलं ओळखतात. निवडणुकीत दारात येऊन काकू, चहा टाका, म्हणतात. त्या दिवशी त्यांची नजर आईवरून सरकली आणि तिच्या पदरातल्या चेंडूवर जाऊन थांबली.

"मूव्हेबल ऑब्स्ट्रक्शन," दादा म्हणाले. "बाजूला करायचं आणि ड्रॉप घ्यायचा. पेनल्टी नाही."

दोघं हसले.

मला ते इंग्रजी कळत होतं. दीड वर्ष कॅडीचं, खेळणाऱ्यांची बॅग वाहायचं, काम करत होते मी. खेळाच्या आड पाण्याची नळी आली, कुणी विसरलेली बादली आली, झाडू आला, तर त्याला असं म्हणतात. हलवता येणारा अडथळा. उचलायचा, बाजूला ठेवायचा, खेळ पुढं चालू करायचा.

"त्या बाईंना उठायला सांग," साहेब मला म्हणाले. "आणि बॉल पुसून दे."

आता एक सांगायला पाहिजे. एका घरातल्या दोघी कामावर घ्यायच्या नाहीत, असा मॅनेजरचा नियम होता. एकीनं रजा टाकली की दुसरीपण घरी बसते, असं त्याचं म्हणणं. म्हणून आम्ही मायलेकी आहोत हे आम्ही तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. गावच्या बायांना माहीत होतं, त्या बोलत नसत. मैदानावर मी आईला मावशी म्हणायचे.

आईनं माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं. पण डोळे सांगत होते, गप. एक शब्द बोलायचा न्हाई.

"मावशी," मी म्हणाले, "उठा जरा."

ती उठली. उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं तिनं पदरातून चेंडू काढला आणि माझ्या पुढं धरला. मी तो टॉवेलनं पुसला. साहेबांना दिला. आई जिथं बसली होती तिथलं गवत दबलेलं होतं. साहेबांनी गुडघ्याएवढ्या उंचीवरून तिथंच चेंडू सोडला, ड्रॉप घेतला, आणि मारला. चांगला गेला.

"गुड शॉट," रणजितदादा म्हणाले.

साहेब पुढं चालायला लागले. मी त्यांच्या मागं. मागं वळून बघितलं तर आई पुन्हा खाली बसलेली. खुरपं आता डाव्या हातात.

*

आठवा होल आणि नववा होल मी कसे चालले, ते मला आठवत नाही. मागतील ती काठी काढून देत होते एवढंच. डोक्यात एकच शब्द. मावशी.

आमचं गाव भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मैदान झालं ते गायरान होतं. सगळ्या गावाचं. आमच्या समाजाची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरली. वडील होते तोवर आमची पण होती. वडील गेले, मेंढरं विकली, आई रोजानं जायला लागली. मी शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, ते सोडलं. मग गायरानाला तारेचं कुंपण पडलं, आत हिरवं गवत आलं, तळं आलं आणि आम्हाला तिथं काम मिळालं. मेंढरांनी खाल्लं ते गवत वेगळं. हे गवत कुणी खायचं नसतं. फक्त कापायचं असतं.

नवव्या होलनंतर खेळणारे क्लबहाउसच्या ओट्यावर चहाला थांबतात. त्या दिवशी रविवार. ओटा भरलेला. मी खाली पायरीशी बॅग घेऊन उभी. कॅडीनं ओट्यावर चढायचं नसतं.

साहेबांनी मॅनेजरला बोलावलं.

"अहो, खेळाच्या वेळेत बायका कशाला बसवता फेअरवेवर? माझी सगळी लय गेली. वर्षाला दीड लाख जातात माझे इथं. फी, गाडी, कॅडी, सगळं धरून. पब्लिक कोर्स झाला म्हणून काय झालं? दीड लाख भरणाऱ्याला शांतपणे खेळता यायला नको?"

"सॉरी सर," मॅनेजर म्हणाला. "सातव्यावरची ना? तिचा आजचा रोज कापतो. उद्यापासून ती दिसणार नाही."

"तसं काही करू नका," साहेब म्हणाले. "फक्त मध्ये येऊ देऊ नका."

चांगला माणूस होता तो, लोकांच्या मते. कॅडीला टीप द्यायचा. कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी पण चढवला नाही. बशीत बिस्किट बुडवत बोलला.

मी बॅग खांद्यावरून काढली. खाली ठेवली. आणि पायरी चढले.

चारही पायऱ्या चढून त्यांच्या टेबलाशी गेले. मॅनेजर म्हणाला, "ए, खाली." मी त्याच्याकडं बघितलं नाही.

"सायेब," मी म्हणाले, "तुम्ही वर्षाचं भरता, त्यात आमची आई बी येती का?"

त्यांना कळलं नाही. "काय?"

"जिला चेंडू लागला ती माझी आई हाय. तुमी फीचं सांगताय. फी गवताची भरली. पान्याची भरली. गाडीची भरली. त्यात माझी आई धरलीय का, ते विचारतीय."

शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

साहेबांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, ते मी खोटं सांगणार नाही. "अगं, मला काय माहीत ती तुझी..." म्हणाले. मग खिशात हात घातला. पाचशेची नोट काढली. "घे. डॉक्टरला दाखव आधी."

म्हणजे ती माझी आई निघाली म्हणून तिला डॉक्टर. नुसती बाई असती, तर ड्रॉप घेऊन पुढं.

"नोट नको," मी म्हणाले. "सातव्यावर चला. तिला सांगा, चुकलं म्हणून."

"मी 'फोर' ओरडलो होतो."

"लागल्यावर वरडला."

आता रणजितदादा उठले. हसत उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेले, मी मागं सरले. "पोरी," ते म्हणाले, "हे आपल्या गावचे पाहुणे हायेत. गावाची लाज काढू नको. सॉरी म्हण आन् बॅग उचल. बाकीचं मी बघतो."

"दादा, तुमी तर वळखत व्हता तिला."

ते चष्मा काढून पुसायला लागले.

मॅनेजरनं मग त्याचं काम केलं. "सगळ्यांसमोर माफी मागायची," तो म्हणाला. "सरांची. आत्ता. नाहीतर तू पण नाही आणि तुझी आई पण नाही. आणि दोघींनी मिळून फसवलं ते वेगळंच."

ओट्यावर पंचवीस-तीस माणसं होती. कुणी मोबाइलमध्ये बघत होतं, कुणी तळ्याकडं. मी वाट बघितली. एवढ्यांतला एक तरी म्हणेल, अहो राहू द्या, लागलंय त्या बाईला. कुणी म्हणालं नाही.

"न्हाई मागणार," मी म्हणाले.

एवढंच. मोठं भाषण केलं असं लोक नंतर म्हणाले. मी केलं नाही. पायरी उतरले, बॅगेला वळसा घातला आणि सातव्या होलकडं चालत गेले. फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या हिरव्या पट्ट्याच्या, मधून. खेळ चालू होता, कुणीतरी मागून ओरडलं. आईजवळ गेले आणि मोठ्यानं हाक मारली.

"आई. ऊठ. घरी चल."

*

घरी येईपर्यंत ती माझ्या पुढं पुढं चालली. दार लावलं आणि फुटली.

"तुला कुनी बोलाय सांगितलं व्हतं? मी बसले व्हते न्हवं गप? मला लागलं, मी गप बसले, तुला काय झालं?"

"आई, ते तुला..."

"मला काय बी म्हणू देत! त्यांच्या म्हनन्यानं अंगाला भोकं पडत्यात का? रोज गेला. तुझा बी गेला, माझा बी गेला. आता खायाचं काय, तुझी विंग्रजी?"

मी तिला इंग्रजीचा अर्थ सांगितला नव्हता. त्या वेळी सांगितला. बादली, नळी, झाडू. ती ऐकत राहिली. मग भिंतीकडं तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी खांदा सुजून काळानिळा. शिरूरला दवाखान्यात नेलं. फोटो काढला. हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" आई म्हणाली, "पडले." मी तोंड उघडलं तसा तिनं माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "काय सांगू त्यास्नी? मी मानूस हाय का बादली हाय, ते इच्यारीत बसतील?"

दीड महिना हात गळ्यात. मी शिरूरला एका कापडाच्या दुकानात लागले. हात मोकळा झाला तशी आई बायांच्या टोळीबरोबर टेम्पोत बसून नदीपलीकडं दौंडच्या बाजूला कांदा काढायला जायला लागली. सकाळी टेम्पो मैदानाच्या कुंपणाला घासून जायचा. ती त्या बाजूला बघत नाही, असं बाकीच्या बाया सांगायच्या.

माझ्या डोक्यातून मात्र एक शब्द जाईना. पब्लिक. साहेब म्हणाले होते, पब्लिक कोर्स. मैदानाच्या पुढच्या दारावर तसा फलकच आहे. सार्वजनिक गोल्फ मैदान. सर्वांसाठी खुले. दीड वर्ष मी मागच्या दारानं आत गेले होते, कामाच्या माणसांच्या. पुढच्या दारातून कधी गेलेच नव्हते.

दुकानाला मंगळवारी सुट्टी. एका मंगळवारी मी चांगला ड्रेस घातला, पायात बूट घातले आणि पुढच्या दारानं आत गेले. रखवालदार बिहारकडचा, मला ओळखायचा. "अरे, इधर से कहाँ?" म्हणाला. मी म्हणाले, "खेलने आई हूँ." तो हसला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं आणि बाजूला झाला.

काउंटरवर नवीन मुलगी होती. दौंडची. माझ्याच वयाची. तिला मी माहीत नव्हते, म्हणून तिनं मला अहो-जाहो केलं.

"वर्षभर खेळायचं तर किती पडतील?" मी विचारलं.

तिनं नीट सांगितलं. वर्षाचा पास घेतला तर पंचेचाळीस हजार. पास नसेल तर प्रत्येक वेळची फी, रविवारी दुप्पट. काठ्यांचं भाडं वेगळं. चेंडू वेगळे. शिकवणारा पाहिजे असेल तर त्याचे वेगळे. "आणि कॅडी कम्पल्सरी," ती म्हणाली, "तिचे वेगळे."

मी जागच्या जागी हिशोब केला. आई रोज तीनशे घ्यायची. तिनं वर्षभर एकही दिवस न चुकवता, न खाता, न आजारी पडता काम केलं, तरी साहेबांच्या वर्षाच्या खेळाला तिचं वर्ष पुरत नाही.

"गावच्या माणसांना काय दर हाय?" मी विचारलं.

"गावच्या?" तिला प्रश्नच कळला नाही. "तसा काही दर नाही."

"जमीन घेताना सांगितलं व्हतं. गावच्या पोरांना सवलतीत खेळाय मिळल. गावासमोर सांगितलं व्हतं."

ती गोंधळली आणि तिनं आतून मॅनेजरला बोलावलं. तो मला बघून दारातच थांबला.

"तू? खेळायला?"

"व्हय. आजच्या दिवसाची फी आणलीय." दुकानाचा पगार झाला होता. मी पैसे काउंटरवर ठेवले. हात त्यांच्यावरच ठेवला.

मॅनेजर म्हणाला, कॉलरचा शर्ट लागतो. मी म्हणाले, आत विकायला आहे, घेते. तो म्हणाला, असे बूट चालत नाहीत. मी म्हणाले, भाड्यानं मिळतात, मला माहीत आहे, मीच पुसून ठेवायचे. तो म्हणाला, आज मोकळी वेळ नाही. बाहेर अख्खं मैदान रिकामं होतं. काचेतून दिसत होतं. दौंडची मुलगी खाली बघायला लागली.

शेवटी तो जवळ आला. आवाज उतरवला. समजावल्यासारखा बोलला.

"हे बघ. पब्लिक म्हणजे तसं पब्लिक नाही गं. उद्या गावातल्या सगळ्या बाया येतील. मग बाहेरचे लोक इथं कशाला येतील?"

हे वाक्य मी विसरणार नाही. त्याला वाटलं, तो मला नाही म्हणतोय. मला उलटंच ऐकू आलं. मला ऐकू आलं की हा घाबरतोय. काठी हातात न धरलेल्या बायांना घाबरतोय.

मी पैसे उचलले. सावकाश पावलं टाकत पुढच्या दारानंच बाहेर आले.

आणि एक खरं सांगते. मला तो खेळ आवडतो. दीड वर्ष बघितला. चेंडू नीट बसला की जो आवाज येतो, तो मला आवडतो. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या वाळूत मी एक मोडकी, टाकून दिलेली काठी घेऊन मारून बघितलंय. एक चेंडू असा गेला होता की पलीकडच्या काठापर्यंत नजरेनं त्याच्या मागं पळाले. मला खेळायचंय, असं मी म्हणते तेव्हा कुणाची जिरवायची म्हणून म्हणत नाही. खेळायचंय म्हणून म्हणते. ते सुद्धा मला मनात लाजत लाजत म्हणावं लागत होतं, इतकं त्यांनी आम्हाला आमच्या जागी बसवलं होतं.

*

एक मेची ग्रामसभा. शाळेच्या पटांगणात मांडव. विषय एकच महत्त्वाचा होता. मैदान वाढवायचं. टेकडीच्या बाजूचं उरलेलं गायरान त्यांना पाहिजे होतं, आणखी नऊ होल करायला. गावात अजून बारा-तेरा घरांची मेंढरं, शेरडं तिथंच चरतात. तेवढीच जागा उरलीय.

बाया मागं बसल्या होत्या. आई पण होती. मी येऊ नको म्हणाले होते, ती आली. बोलायचं न्हाई या बोलीवर मला शेजारी बसवून घेतलं.

रणजितदादा माइकवर. नव्वद जणांना रोजगार, गावाचं नाव, रस्ता होईल, दिवे होतील. "हे मैदान कुणा एकाचं न्हाई," ते म्हणाले. "सार्वजनिक हाय. सगळ्यांचं हाय."

मी उभी राहिले. आईनं ड्रेस धरून खाली ओढलं. मी बसले नाही.

"दादा," मी म्हणाले, "सगळ्यांचं हाय तर गावातलं कोण खेळलं तिथं? तुमच्याबिगर एकाचं नाव सांगा."

मांडव वळला. पुढं बसलेल्या पुढाऱ्यांपैकी एक जण मोठ्यानं म्हणाला, "तुला काय, गोल्फ खेळायचाय का?"

सगळा मांडव हसला. माझ्या नात्यातले आप्पा, मामा, सगळे हसले. मेंढरं असलेले पण हसले. दोनशे माणसांचं हसणं अंगावर येतं तेव्हा कानात नुसता पाण्यासारखा आवाज होतो.

"व्हय," मी म्हणाले. "खेळायचाय."

अजून मोठा हशा. दादांनी माइकवरून हात दाखवला, बसा, बसा. "आधी घरातली भांडी घासायची," कुणीतरी म्हणालं. आणि त्या हशातच माझ्या शेजारी हालचाल झाली.

आई उठली होती.

तिला बोलायला माइक नव्हता. तिचा आवाज मोठा नाही. पण बाई बोलायला उठलीय म्हटल्यावर लोक काय बोलते म्हणून गप्प झाले.

"रणजितदादा," ती म्हणाली, "मला वळखता न्हवं?"

"काकू, आसं काय इच्यारता?"

"तितं न्हाई वळखलं. मला चेंडू लागला तवा तुमी माझ्यासमोर हुबं व्हता. मला काय म्हनला व्हता, ते सांगा ह्यास्नी. विंग्रजीत म्हनला व्हता. मराठीत सांगा."

दादा हसले. "काकू, ते खेळाचं..."

"सांगा की."

दादांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. मांडवात कुजबुज सुरू झाली. आईनं उजव्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि तो हात वर करायचा प्रयत्न केला. खांद्याच्या वर जाईना. अर्ध्यावर अडला.

"मागल्या येळंला ह्याच पटांगनात इच्यारलं व्हतं, गायरान द्यायचं का. म्हनला, सगळ्यांचं ऱ्हाईल, पोरं खेळतील. मी ह्योच हात वर केला व्हता. आता वर जात न्हाई. आन् गेला आसता तरी केला नसता."

ती बसली. मी तिचा हात धरला.

हसायचं थांबलं होतं. सरपंचांनी ठराव मताला टाकला. पुढचे हात वर झाले. दादांची माणसं, कारखान्याची माणसं. मग मी बायांकडं बघितलं. कांद्याच्या टोळीतल्या बाया, मैदानावर अजून गवत काढणाऱ्या बाया, मेंढरंवाल्यांच्या बाया. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे हात मांडीवर. मग एकेका पुरुषानं मागं वळून आपल्या घरच्या बाईकडं बघितलं. अर्धे वर गेलेले काही हात खाली आले.

सरपंचांनी दोनदा मोजलं. दोनदा दादांकडं बघितलं. आणि म्हणाले, विषय पुढच्या सभेला ठेवू.

जिंकलो नाही. पुढच्या सभेला ठेवू म्हणजे तोवर एकेक घर फिरवू. ते मला कळतं. फिरवायला सुरुवात पण झाली. टोळीच्या मुकादमानं आईला सांगितलं, उद्यापासनं टेम्पोत जागा न्हाई. माझ्या दुकानदाराला शिरूरमध्ये कुणीतरी गाठून विचारलं, ही पोरगी कशी काय ठेवलीय? त्यानं अजून काढलं नाही. पण माझ्याशी बोलताना इकडं-तिकडं बघतो.

मग परवा मॅनेजरचा फोन आला. आवाज एकदम गोड. झालं गेलं विसरून जाऊ. तुला कॅडींच्या वर नेमतो, महिना पगार, बॅग उचलायची नाही. आईला सावलीतलं काम. गावच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस फुकट खेळ ठेवू, तूच उद्घाटन कर. फक्त पुढच्या सभेला तू बोलायचं नाहीस.

आई चुलीपुढं बसली होती. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला होता, तिनं सगळं ऐकलं. भाकरी थापायची थांबली. घरात पीठ किती आहे, ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बगती? त्यो तुला इच्यारतुय."

मी फोनमध्ये म्हणाले, "वर्षातला एक दिस नको."

"मग काय पाहिजे?"

मी सांगितलं. टेकडीचं गायरान घ्यायचं नाही. घेतलेल्या गायरानावर खेळायला गावाचा वेगळा दर लावायचा, आणि तो रोजानं जाणाऱ्या बाईला परवडला पाहिजे. खेळ चालू असताना बाया मैदानावर बसवायच्या नाहीत. आणि आईच्या हाडाला चीर पडली, ती पडून नाही, चेंडूनं पडली, हे सभेत सगळ्यांपुढं बोलायचं.

"हे शक्य नाही," तो म्हणाला.

"मग सभेत भेटू," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

काम जाईल. गेलं तर दुसरं बघीन. गावात आमच्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. पुढच्या सभेत हात आमच्या विरुद्ध पडले, तर मी त्याच्या पुढच्या सभेत उभी राहीन. तिथं हरले तर शिरूरला तहसीलच्या दारात बसेन, तिथून पुढं पुण्याला जाईन. पायाखालची जमीन आमची होती आणि आम्हालाच बाजूला व्हा म्हणाले. आता मी बाजूला होत नाही.